एक अंगक, दोन घरं

२ फेब्रुवारी

भिंत उभी राहिली! भिंत म्हणजे प्लायवूड. सुतार दादाच्या ओळखीचा, मापाची टेप दादाची, त्यामुळे खिडकी तिकडे गेली आणि मोरी इकडे. सामानाचीही वाटणी झाली – मिक्सर त्याला, त्याचं झाकण मला. आईचा फोन माझ्या कपाटात राहिला, चार्जर दादाकडे. मागायला कोण जाणार?

आई म्हणाली, "मलाही मधोमध कापा, म्हणजे एकदाचं मिटेल."

"काहीतरीच तुमचं, आई!" वहिनी म्हणाली. पण टेप अजून दादाच्या हातातच होती.

४ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत मी बाटल्या धुतो. शिक्षण दहावीला अडलं, पण शुद्धलेखन बरं, म्हणून शाळेच्या मुलांसाठीचा तक्ता संशोधक बाई मलाच लिहायला देतात. यंदाचा विषय : एकपेशीय परजीवी. एका पेशीच्या दोन होताना आतल्या अंगकांचं, म्हणजे पेशीच्या चिमुकल्या अवयवांचं, काय होतं?

चरबी तयार करणारं एक अंगक त्या परजीवीत एकच असतं. पेशी दुभंगण्याआधी ते लांब ताणलं जातं, त्याची दोन टोकं दोन लेकींकडे, म्हणजे नव्या पेशींकडे जातात, मग ते मधे आवळून तुटतं. दोघींना एकेक! सुतार नको, टेप नको. डोळ्यांनाही न दिसणाऱ्या किड्यांना जे जमतं ते आमच्या दादाला जमत नाही.

"एखादीला मिळालंच नाही तर?" मी विचारलं.

"तर ती मजेत जगते," बाई म्हणाल्या, "सुरुवातीला." मग त्यांचा फोन वाजला.

५ फेब्रुवारी

दादाने आईचं वेळापत्रक काढलं. सोमवार ते बुधवार तिकडे, गुरुवार ते शनिवार इकडे. रविवारवरून जुंपली.

"रविवारी माझ्या मुलीला आजी लागते."

"मला आई लागते!"

"तू काय कुक्कुलं बाळ आहेस?"

बोलणं बंद. कायमचं.

आई चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "त्यापेक्षा मी धाकटीकडे जाऊ का थोडे दिवस?" धाकटी म्हणजे आमची मावशी.

"इथे तुला काय कमी आहे?" आम्ही दोघं एकदम ओरडलो. एवढ्यावर मात्र एकमत!

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आई पिशवी घेऊन निघाली. मी दाढी करत होतो. "येते," म्हणाली. मी वळलो नाही. म्हणजे रविवार दादाने पटकावला! पटकावू दे. आमची आई तिकडे खुशाल लाडकी होऊन राहू दे.

१० फेब्रुवारी

फळीपलीकडून खोकला. कोरडा. आईच! तिचं औषध माझ्याकडे आहे. येतील मागायला.

१२ फेब्रुवारी

बाईंकडे एक विद्यार्थी आहे. त्याला सगळे घाईराम म्हणतात. परजीवींवर औषध घातलं आणि दुसऱ्याच दिवशी सूक्ष्मदर्शकात बघून म्हणाला, "सगळे ठणठणीत! औषध फुकट गेलं." बाटली माझ्याकडे धुवायला दिली. मी धुतली.

बाई कडाडल्या, "अरे शहाण्या, त्या औषधाने ते अंगक जातं! पण हे परजीवी दुसऱ्याच्या पेशीत घर करतात, आणि अंगक गेलंय हे त्या पहिल्या घरात कळतच नाही. खातात, पितात, वाढतात. पुढच्या पेशीत शिरले की मग धडाधड मरतात. थांबायला काय झालं होतं?"

घाईरामचं तोंड बघण्यासारखं झालं. बेसिनकडे तोंड करून मी हसून घेतलं. काय ते जीव! घरातलं एकुलतं एक निघून गेलं आणि यांना पत्ता नाही!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आईचा इकडे यायचा दिवस. आली नाही. दादाने ठेवून घेतली. मीही विचारणार नाही, नाक मलाही आहे.

दूध उतू गेलं. पण पलीकडे त्याहून मोठं काहीतरी करपलं, वास फळीतून येतोच. आई घरात असून ही दशा! वहिनी तिला ओट्याजवळ फिरकू देत नसणार.

१५ फेब्रुवारी

पांढरे शर्ट गुलाबी झाले. सगळे. घाईराम म्हणाला, "लग्न ठरलं का?"

जिन्यात पुतणी भेटली. वेणी एका बाजूला, गणवेशाचं बटण तुटलेलं. म्हटलं, "आजीला सांग, खोकल्याचं औषध इकडे आहे."

"मी कशाला? तूच सांग ना!" म्हणाली आणि पळाली. उद्धट! वहिनीचं वळण, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाने फळीवर थाप मारली. "झालं का मन भरून? आता आईला पाठव इकडे."

"वा! ठेवून घेतलीस तू, आणि पाठवू मी?"

मग दादाचा आवाज, एकदम लहानपणीचा – "अरे, ती तुझ्याकडे नाही?"

मागून वहिनी खोकली. कोरडा खोकला.

दादा धावत इकडे आला. मावशीला फोन लावला. उचलला आईनेच.

"आज कळलं होय रे? मी बघतच होते, किती दिवस लागतात."