डाव्या पायाखालची फळी

प्रिय आई,

आधी शेजारच्या कुत्र्याची समजूत काढ. तुझी डावी काळी चप्पल त्याने पळवलेली नाही. तू त्याला दारात उभं करून चांगलं फैलावर घेतलंस आणि ते बिचारं मान खाली घालून सगळं ऐकून घेत होतं, असं मावशी फोनवर सांगत होती. चप्पल माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला आलो होतो तेव्हा पिशवीत घालून आणली. का आणली ते सांगतो, पण एकदम सांगितलं तर तू पत्र अर्ध्यावर ठेवून भांडी घासायला जाशील, म्हणून जरा वळसा घेऊन येतो. माझ्या प्रवचनांबद्दल तुझी हीच तक्रार असायची, की हा मुद्द्यावर लवकर येत नाही.

मावशी आणखीही एक सांगत होती. चर्चमध्ये कुणी विचारलं, आपले पास्टर काम सोडून का गेले, की तू म्हणतेस, तो पुढच्या अभ्यासासाठी गेलाय. अगदीच खोटं नाही ते. अभ्यासच चाललाय, फक्त पुस्तकांऐवजी पायांचा. आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड आहे, वर काचेची छपरं, आणि भिंतीभर फळ्यांवर लाकडी पाय, ज्यांच्यावर जोडे बेततात ते साचे. कुठला आखूड, कुठला वाकडा, कुठल्याला बोटंच नाहीत. पहिल्या दिवशी मला ते बघवेनात. आता प्रत्येकाचा मालक ओळखतो. ज्यांच्या पायाला बाजारात जोडा मिळत नाही त्यांचे जोडे इथे होतात. धर्मादाय काम नव्हे, चक्क धंदा आहे. ज्याला झेपते तो पूर्ण किंमत देतो आणि त्या नफ्यातून न झेपणाऱ्याचा जोडा होतो. चामडं मात्र दोघांना एकच, त्यात मालकीणबाई कुणाचं ऐकत नाहीत. माझं काम म्हणजे नव्या माणसाशी आधी बोलायचं आणि जोडा दिल्यावर त्याच्या घरी जाऊन तो चावतो का ते विचारायचं. म्हणजे पुन्हा घरभेटीच. फरक एवढाच, की आता मला बघून कुणी घाईघाईने टीव्ही बंद करत नाही.

पहिल्याच सोमवारची गंमत ऐक. कामाची बैठक संपली आणि मालकीणबाई मला म्हणाल्या, शेवटी तुम्ही दोन शब्द बोला. बोललो. आणि बोलणं संपता संपता माझे दोन्ही हात आपोआप वर गेले, इतकी वर्षं उपासना संपताना जायचे तसेच. तोंडातून अख्खा आशीर्वाद बाहेर पडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग आमचे हिशेबनीस, जे देवाला अजिबात मानत नाहीत, त्यांनी सगळ्यात मोठ्याने आमेन म्हटलं. तेव्हापासून हात वर केल्याशिवाय बैठक सुटत नाही. मी रजेवर होतो त्या सोमवारी म्हणे सगळे बसूनच राहिले, शेवटी हिशेबनीसांनी हात वर केले. इथे मला सगळे पास्टर म्हणतात. तुझी सून म्हणते, तू आता जिना चढताना शीळ घालतोस. मला पत्ताच नव्हता.

तू विचारलं नाहीस, पण हे सगळं सुरू झालं ते आपल्या घंटावाल्या काकांपासून. त्यांचा पाय सुजून घंटेचा जिना चढवेना, तेव्हा दर रविवारी मी व्यासपीठावरून त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो आणि ते मागच्या बाकावर एका पायात फाटकी सपात घालून बसायचे. एकदा त्यांना घेऊन इथे आलो. इथले जोडे बनवणारे वस्ताद स्वतः कुबडी घेऊन चालतात. त्यांनी पायाला काय झालं हे विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुम्हाला कुठे जायचंय? काका म्हणाले, घंटेच्या जिन्यावर. तर जोडा जिन्यासाठीच झाला, पुढून वळणारा, टाचेला घट्ट. त्या रविवारी काकांनी घंटा थांबवलीच नाही, आठवतं? पंच मंडळी चिडली होती आणि मी व्यासपीठावर उभा राहून हसत होतो. आई, मी लोकांना कुठे जायला हवं हे वर्षानुवर्षं सांगत आलो. त्यांना कुठे जायचंय, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं की मला हे काम हवंय. देवावर रुसून मी निघालो नाही. उलट इतकी चांगली गट्टी आमची कधी नव्हती.

तुला सांगितलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, मी तुला देवाला दिलं होतं. आणि ओट्याकडे वळलीस. दिलेली वस्तू परत दारात आली असं तुला वाटलं असणार. तेव्हापासून माझा फोन मावशीच उचलते. मी मात्र त्या दिवशी पाठमोऱ्या तुझ्याकडे बघत राहिलो. तुझ्या डाव्या पायाखाली बाबांनी रंधा मारून दिलेली ती फळी होती. लहानपणीच्या आजारात आखूड राहिलेला तुझा पाय तिच्यावर टेकला की तू किती ताठ उभी राहतेस. माझं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. चर्चमध्ये तू सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या बाकावर बसतेस आणि सगळे गेल्यावर उठतेस. लोक म्हणतात, पास्टरांच्या आईची भक्ती बघा. भक्ती आहेच. पण तुला चालताना कुणी बघू नये म्हणूनही ते आहे, हे मला ठाऊक होतं, आणि ते मी तुझ्याशी कधी बोललो नाही. बाबा बोलले नसतील, पण त्यांनी फळी केली.

तर आता चपलेचं. मागच्या खेपेला तू चर्चमधून परत यायच्या आत मी फळीची उंची मोजून घेतली आणि मापासाठी दारातली रोजची चप्पल उचलली. तुझा जोडा तयार होत आलाय, काळाच, नेहमीचा. डाव्याचा तळ आतून बाबांच्या फळीएवढा उंच आहे, बाहेरून कळणार नाही. पण वस्ताद शेवटचा तळ चिकटवत नाहीत. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नाला मी तुझ्या वतीने उत्तर द्यायला गेलो तर म्हणाले, पास्टर, ज्याचे पाय त्याचंच उत्तर. जोडा बाकावर तसाच पडून आहे. म्हणून हे पत्र. आई, तुला कुठे जायचंय? बाजारात, टेकडीवर, मावशीबरोबर फिरायला, कुठेही. मला रागावायला इथे आलीस तरी चालेल. फक्त या वेळी फोन तू उचल आणि तुझ्या तोंडाने सांग. आणि मलाच विचारशील, तर रविवारी मी जोडा घेऊन येतो, आपण मुद्दाम उशिरा निघू. पहिलं गीत सुरू होऊ दे, सगळे उभे राहू देत. मग मधल्या वाटेने जाऊ, सावकाश, पार पहिल्या बाकापर्यंत. बघणारे बघू देत.

तू दिलेला आणि दिलेलाच राहिलेला,
तुझाच मुलगा