सही न केलेल्या वीस चिठ्ठ्या

मी, हेस्टर बर्केट, वय एक्याऐंशी, राहणार हॉर्नथ्वेट, तळ्याकाठचं शेवटचं घर, धंदा दगडी कुंपणं रचण्याचा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. ती करणारा अजून जन्मायचा आहे.

१. घर भाची रोवेनाला. स्वयंपाकघरातली स्लेटची फरशी तिने बदलू नये. ती आजोबांनी खाणीतून पाठीवर आणली.

२. हातोडा धाकटा भाऊ ॲमोस याला. त्याने रचलेलं कुंपण दर हिवाळ्यात कोसळतं, तरीही.

३. हवेलीवाले मेजर पेल्हॅम यांना बिस्किटांचा डबा. आत वीस चिठ्ठ्या आहेत. खुलासा करते. तळ्यापासून चर्चपर्यंतची वाट मेजरांच्या कुरणातून जाते. लोक वीस वर्षं उघडपणे, परवानगीवाचून चालले तर वाट लोकांची. परवानगीने चालले तर ती मालकाची मेहरबानी, मनात येईल तेव्हा बंद. मेजरांना हे पक्कं ठाऊक. म्हणून दर नाताळला घरोघर केक आणि सोबत चिठ्ठी: 'वाट वापरू दिल्याबद्दल आभारी आहे.' खाली सहीला जागा.

पहिल्याच वर्षी ॲमोस पेन उघडून बसला. "ताई, एक सही केली तर काय हात झडणार आहे?"

"हात राहील रे, वाट जाईल. ठेव ते पेन!"

केक परत द्यायला गेले, तर मेजर फाटकात उभे. "अहो हेस्टरबाई, खुशाल जा ना कुरणातून!"

"तुम्हाला विचारलंय कोणी?" मी म्हटलं, आणि गेले.

गावातल्या सगळ्या एकोणतीस घरांनी वीस वर्षं केक परत केला. (ॲमोसच्या केकवरचे बदाम गायब असत, ते मी पाहिलं नाही.) एकविसाव्या वर्षी सरकारी अधिकारी आले. एक तरी सही दाखवा, म्हणाले. मेजरांकडे एकही नव्हती. वाट गावाची ठरली. त्या दुपारी अख्खं गाव तळ्यापर्यंत चालत गेलं आणि मी पाण्यात पाय सोडून आनंदाने रडले.

४. ती वाट मी कोणाच्याच नावे करत नाही. ती माझी नाही. एवढ्या दिमाखात दुसरं कुठलंही वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

५. माझी शवपेटी त्याच वाटेने चर्चला न्यावी. हवेलीसमोर खांदेकऱ्यांनी दम खावा. मेजर टोपी काढून "या, जा खुशाल" म्हणाले, तर कोणीही आभार मानू नयेत. मी मानणार नाही, याची खात्री बाळगावी.

सही: हेस्टर बर्केट

साक्षीदार: क्लेमेंट ॲशबर्नर, पाद्री, डोरीन फ्लेचर, होडीवाली. (ॲमोसला वाटा असल्याने साक्ष देता येत नाही. तो दाराबाहेर रुसून बसला आहे.)

हॉर्नथ्वेट, ४ ऑक्टोबर १९९६