किती आणे दुखतं

रिठद

प्रिय वच्छला,

तुझं पत्र पोचलं. ज्यांचा आजार बरा होणार नाही, अशांना नागपूरच्या तुमच्या वॉर्डात तुम्ही नर्स रोज दुखणं विचारता, लिहून ठेवता, आणि मोठे डॉक्टर त्यावरून औषधाची मात्रा ठरवतात, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुखणं आण्यांत विचारायचं, सोळा आणे म्हणजे सोसवतच नाही, ही युक्ती तुझीच असणार. वाशिमला शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हा तू गुरुजींचा रागही पायलीनं मोजायचीस.

तेव्हापासून मीही यांना विचारते. यांचं पोट उघडून गाठ तशीच ठेवून शिवलं, त्यानंतर पेरणी झाली, काढणीही झाली. रिसोडचे डॉक्टर आले की हे भिंतीला टेकून बसतात, मला चहा ठेवायला लावतात, त्यांच्या फटफटीची चौकशी करतात आणि दुखणं चार आणे सांगतात. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला हिरमुसलं कसं पाठवायचं, म्हणे. डॉक्टर तेवढ्यापुरत्या गोळ्या देऊन जातात. पुंजाजी भाऊजी मलाच टोकतात, मानूस हसून राह्यला अन् तुमी काहून रडता, वहिनी. फटफटीचा आवाज गेला की हे उशीचा कोपरा दातांत धरतात. किती खोळी फाटल्या, काय सांगू.

परवा दुपारी मी माझं ताट घेऊन यांच्याजवळ बसले आणि विचारलं, आज किती आणे. यांनी माझ्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, "किती सांगू, म्हंजे तू जेवशीन?"

त्यानंतर मी विचारलं नाही. डॉक्टरांना अंगणात गाठून खरं ते सांगितलं, तुमच्या वॉर्डातलं औषध मागितलं. ते म्हणाले, तसलं कडक औषध इथे मिळत नाही, आणि त्याची सवय लागते. सवय लागण्याइतके दिवस तरी आहेत का, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

वच्छला, इतक्या महिन्यांत यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. काल मागितलं. कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा कुठे आहे, म्हणाले. मी सांगितलं, संपला. तो संपलेला नाही. आज सकाळी मी स्वतःच तो काढून चुलीपुढे ठेवला आणि बघत बसले. चूल पेटलीच नाही. हे बरे व्हावेत, असं मागायला मी हे लिहीत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या पाया पड, ते देतील ते घेऊन मिळेल त्या गाडीनं ये. डबा मी परत लपवला आहे, पण कुठे ते मला माहीत आहे ना.

तुझीच,
बेबी