दहा किलोचा ससा

आई, एका घोर अन्यायाची नोंद तुझ्याकडे करून ठेवतो. माझ्या घरात मला स्वतःचं वजन करायची सोय उरलेली नाही. बाथरूममधला वजनकाटा गॅरेजमध्ये गेला आहे आणि त्यावर ससे बसतात. पेनसिल्व्हेनियातल्या या गावात दोन दशकं प्रामाणिकपणे टॅक्स भरणाऱ्या माणसाची ही किंमत. तुझ्या नातीने ससे पाळले आहेत, आणि तेही खायला. तू नाक मुरडणार हे ठाऊक आहे. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणात, एका काकूंनी तिला विचारलंच, शेवटी कापायचेच, तर एवढे लाड कशाला? ती म्हणाली, "काकू, खाणार आहोत म्हणूनच." काकूंनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

तर या सशांना जंत झाले. पिंजऱ्याखालचे ट्रे साफ करताना लेकीला लेंड्यांवर पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. मी ताबडतोब जाणकार झालो. जंत म्हटलं की मला तुझं स्वयंपाकघर दिसतं. रविवारची सकाळ आहे, आम्ही दोघं भाऊ भिंतीला टेकून उभे आहोत, तू चमचा घेऊन येते आहेस. रात्री दात खाल्ले, औषध. नखं खाल्ली, औषध. लेकीने मात्र लेंड्या डबीत भरून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेल्या. त्यांनी तपासून सांगितलं की जंत साधेच आहेत, औषधाने जातील. एक मादी गाभण होती, तिलाही मापात दिलं तर चालेल. माप त्यांनी दर किलोला सांगितलं.

किलो! औंस, गॅलन आणि फॅरनहाइटमध्ये इतकी वर्षं काढल्यावर या देशात कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं. त्या आनंदात मी गाभण मादीला काट्यावर ठेवलं, आकडा दहा आला, आणि दहा किलोचं औषध सिरिंजमध्ये भरून तिच्या तोंडात सोडलं. लेक दुसरा ससा घेऊन आली आणि काट्याकडे बघत राहिली.

"बाबा, ही राइसच्या मोठ्या बॅगेएवढी जड आहे का?"

मी आकडा पुन्हा वाचला. दहाच.

"दॅट्स पाउंड्स, बाबा."

पाउंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, म्हणजे दुपटीहून जास्त औषध गेलं होतं. लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आता काही देऊ नका. खाते का बघा, हिरड्या पांढऱ्या पडतात का बघा, खाणं थांबलं तर लगेच घेऊन या. लेक बादली उलटी टाकून पिंजऱ्यासमोर बसली. मादी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती, समोरचं गवत तसंच. जिभेवर आलेलं "काही होणार नाही" मी गिळलं, कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे.

लहानपणी आमच्या धाकट्याला बाबांनी सकाळी औषध दिलं होतं, ते ठाऊक नसल्यामुळे तू परत दिलंस, तो दिवस. तो पोट धरून पडला आहे, बाबा म्हणताहेत, काही होत नाही, जंताचंच तर औषध. तू गॅस बंद केलास, त्याच्या उशाशी बसलीस आणि म्हणालीस, "मी चुकले. मला इथून उठायला सांगू नका." संध्याकाळी तो उठून भात मागेपर्यंत तू हलली नाहीस. "काही होणार नाही" असं तू आम्हाला एकदाही म्हणाली नाहीस, आणि त्यामुळेच मला तेव्हा कमी भीती वाटली.

मी लेकीला म्हणालो, "मी चुकलो." ती पिंजऱ्याकडेच बघत होती. तशीच पाय आवरून म्हणाली, "मग बस इथे." मी जमिनीवर बसलो. अंधार पडत आला तेव्हा मादीने गवताची एक काडी ओढली, तोंडात धरून ठेवली, आणि बऱ्याच वेळाने चावली. लेकीने माझा हात एवढा घट्ट धरला की मनगट दुखलं. पिल्लं अजून व्हायची आहेत. ती कशी होतील ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगतो. मला तुझ्यासारखं बसता आलं नाही. कॉफीच्या निमित्ताने मी दोनदा उठलो आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो. लेक एकदाही उठली नाही.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, नुसत्या औषधाने भागत नाही. ट्रे रोज धुतले नाहीत आणि गवत लेंड्यांत पडू दिलं तर जंत पुन्हा येणार. ट्रे आम्ही आळीपाळीने धुवायचे ठरलं होतं. माझ्या मीटिंगा असायच्या, त्यामुळे माझ्या वाटचेही हिवाळाभर तीच धुवत होती. आज ती शाळेतून यायच्या आत मी सगळे ट्रे खरवडले, उकळत्या पाण्याने धुतले आणि उन्हात उलटे मांडले. ती आली, ट्रेकडे पाहिलं, दप्तर ठेवलं आणि मादीला पाणी द्यायला गेली.