आतली खुर्ची

बाबा, काल तुमच्या लाडक्या शिष्येची आठवण आली आणि माझा पुन्हा जळफळाट झाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी. माझ्यासारखी तीही आता पन्नाशीची असेल, गुडघे दुखत असतील, पण माझ्या डोक्यात ती अजून दोन वेण्या घालून तुमच्या व्हायोलिनच्या क्लासमध्ये बाहेरच्या खुर्चीवर बसलेली असते.

इथे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइममध्ये आमचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे. ऑफिस सुटलं की आम्ही शाळेच्या हॉलमध्ये जमतो. या वेळी त्या फ्रेंच संगीतकाराची समुद्रावरची रचना घेतली आहे. तीच, जिची रेकॉर्ड तुम्ही रविवारी पोहे परतता परतता लावायचात आणि जिच्यातला एक तुकडा आम्हा मुलांसाठी सोपा करून लिहिला होतात. व्हायोलिनवाल्यांचा नियम इथेही तोच आहे. दोघांत नोटेशनचा एक स्टँड. श्रोत्यांच्या बाजूचा बाहेरचा, तो वाजवत राहतो. आतला वाजवणं थांबवून पान उलटतो. सुरावटीच्या ओळी दोन झाल्या की वरची बाहेरच्याची, खालची आतल्याची. तुम्ही तिला बाहेर बसवलंत, मला आत. कार्यक्रमात मी पान उलटत होते आणि तुम्ही तिच्याकडे बघून मान डोलावलीत. मला ती मान अजून दिसते. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात पाय आपटले. “मला का नाही बाहेर?” तुम्ही चहा गाळत होतात. वर न बघता म्हणालात, “खालच्या ओळीला घरचं माणूस लागतं. उगाच कटकट करू नकोस.” मला वाटलं, चुचकारताहेत. पिकतं तिथे विकत नाही, एवढंच मला कळलं.

म्हणून इथे मी पहिल्याच दिवशी बाहेरची खुर्ची मागून घेतली. माझ्याशेजारी आत एक निवृत्त शिक्षिका बसते आणि माझ्यासाठी पानं उलटते. खरं सांगते, त्याचा मला भारी आनंद होतो. काल मात्र आमच्या कंडक्टरने रचना मध्येच थांबवली. लाट फुगत येते ती जागा. म्हणाला, फक्त बाहेरचे वाजवा. आम्ही वाजवलं. सूर बरोबर होते, पण मीठ विसरलेल्या आमटीसारखं काहीतरी झालं. मग म्हणाला, आता फक्त आतले. आणि बाबा, त्या खालच्या ओळीतून समुद्र आला. सगळा तिथेच होता. वाजवून संपलं तेव्हा सगळ्यांनी जमिनीवर पाय घासले, म्हणजे इथली शाबासकी. माझी शेजारीण लाजून लाल झाली आणि माझा पुन्हा तिळपापड. आत बसवलं तरी जळायचं, बाहेर बसले तरी जळायचं. कसली मुलगी जन्माला घातलीत तुम्ही!

माझं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे. निघताना म्हणाली, “आल्झो, मग जागा बदलायची का? मला काहीच हरकत नाही.” चांगली बाई आहे. मी लगेच “नाइन, नाइन, नको, राहू दे,” म्हटलं आणि व्हायोलिनची पेटी बंद करत बसले. घरी येताना एस-बान लोकलमध्ये बसून तुमचं ते चहा गाळतानाचं वाक्य आठवत होते. इतकी वर्षं ते मला खोटं वाटलं आणि आता खरं असावं असं इतकं वाटतंय की भीतीच वाटते.

हे पत्र तुम्हाला मिळालं असतं तर आधी तुम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासले असतेत, मग म्हणाला असतात, बस ना आत, वाजवून बघ. नाही बसत मी, बाबा. मला ती खालची ओळ जमली नाही तर? मग याचा अर्थ, तुम्ही मला घरचं माणूस म्हणून आत बसवलं नव्हतं. काकूंची मुलगी माझ्यापेक्षा चांगली वाजवायची, एवढंच होतं.