वाकडं बोट सरळ झालं

चिमणे,

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण तुझा बाप आज बूट घालून बाहेर पडतो आहे. चांगला बंद बूट, वर भोक न पाडलेला. पायाच्या त्या आकडेबाज बोटापायी बारा वर्षं प्रत्येक नव्या बुटाला कात्री लागली, आणि संध्याकाळी फिरायला तुझी आई एकटीच गेली. ऑपरेशनात बोटात घातलेली तार काल डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी काढली. बोट इतकं सरळ निघालं की नर्सबाईंनी पट्टीऐवजी तेच धरून रजिस्टरात रेघा आखल्या.

"थोडं थोडं चाला," असं डॉक्टर म्हणाले. "मी आल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही," असं तू म्हणालीस. बापाने तुझंच ऐकलं असतं. तो पाय वर करून गपगुमान पडला होता. पण तुझ्या आईने हट्टच धरला, "तळ्यापर्यंत चला, नाहीतर मी जेवायची नाही." आता म्हातारपणी बायकोला उपाशी ठेवायचं का? तुझं जेवण झाकून ठेवलं आहे. पाय दुखलाच तर बाकावर बसू, काळजी करू नकोस.

एवढं लिहून होतंय तोच तुझ्या आईने खांद्यावरून वाकून सगळं वाचलं आणि म्हणाली, "मी हट्ट धरला? दुपारपासून बूट चढवून दाराशी कोण बसलंय? माझे अजून केससुद्धा विंचरून झाले नाहीत. खोटं ते खोडा आणि उठा, उजेड आहे तोवर तळं गाठायचंय मला."