बॉनेटभर निशिगंध

सोलापूर, गुरुवार, संध्याकाळ

बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला, आणि आज काय करायचं ते मला तिथंच कळलं. तोवर मी नुसता कुढत होतो.

आज सायलीचं लग्न. नवरा पुण्याहून स्वतःची लांब नाकाची स्पोर्ट्स गाडी चालवत आला आणि वरातीसाठी सजवायला ती लावली माझ्याच मामाच्या फुलांच्या दुकानासमोर. मामा म्हणाला, "संद्या, इंजिन पुढं हाय रं. फुलांखाली फोम घाल, न्हायतर वरातीत भाजून निघतील." नवरा म्हणाला, "दादा, रंगाला चिकटपट्टी नको हं. आणि बॉनेट निशिगंधानं भरा, तिला आवडतो."

मला सांगतोय. तिला निशिगंध आवडतो हे मला सांगतोय. तिची छेड काढणाऱ्याला बडवलं म्हणून माझं कॉलेज सुटलं, आणि तीच म्हणाली, "अर्धवट शिकलेल्याचं घरी काय सांगू?"

भरलं बॉनेट. फोम न घालता. वरात मुंगीच्या चालीनं जाणार, दर चौकात नाच, इंजिन चालूच. अर्ध्या तासात सगळा निशिगंध करपून जाईल, तिच्या डोळ्यांसमोर.

कुणी केलं ते तिला कळेल का? कळू दे की.

फोमची गुंडाळी समोर टेबलावर पडलीय. वरात निघायला अजून वीस मिनिटं आहेत, घालायचा म्हटलं तर वेळ आहे. तळहात अजून चुरचुरतोय. ती रडली तर... नको तो विचार.

वरात बघायला निघालोय. फोम आतच ठेवतो आणि दार ओढून घेतो.